अर्धं धरणारे मामा

माझ्या मुलांच्या मामांना एकदा खोकला झाला. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या आणि सांगितलं, दिवसातून दोनदा घ्या. मामांनी एकदाच घेतली. का, तर डॉक्टर झाला तरी माणूसच, तोही वाढवूनच सांगणार. खोकला काही हटेना. पुन्हा गेले, तेव्हा डॉक्टरांनी खोदून खोदून विचारलं आणि काय तो उलगडा झाल्यावर शांतपणे चिठ्ठीवर लिहिलं, दिवसातून चारदा. मामांनी दोनदा घेतली आणि खडखडीत बरे झाले. दवाखान्यावरून जाताना मला म्हणाले, "बघा भावोजी, खरा आकडा शेवटी दोनच निघाला. मला आधीच वाटलं होतं, कुठेतरी पाणी मुरतंय."

हे मामा म्हणजे आमच्या घरातून त्यांचे, म्हणजे माझ्या बायकोचे थोरले भाऊ. आम्ही दोघंही पेपर मिलमध्ये. मी क्रेनवर आणि ते मेंटेनन्सच्या नियोजनावर. राहायलाही मिलच्याच वसाहतीत, कुंपणाला कुंपण लागून. माझी पोरं कुंपणावरून "मामा, मामा" हाका मारायची, ते ऐकून शेजारचे मामा म्हणायला लागले, मग फिटर, मग स्टोअरवाला, आणि शेवटी मॅनेजरसाहेबसुद्धा. अख्ख्या मिलचा मामा झालेला हा माणूस, आणि जन्मभर त्याला धास्ती एकच, की आपल्याला कोणी मामा बनवेल.

त्यांचं काम काय ते आधी सांगतो, नाहीतर पुढची मजा कळायची नाही. मोठी मशीनं बंद पडेपर्यंत चालवायची नसतात. ती चालू असतानाच ठरवावं लागतं, की अमुक दिवशी हे थांबवायचं, ते उघडायचं, झिजलेलं बदलायचं आणि पुन्हा चालू करायचं. कोणी करायचं, कोणती हत्यारं लागतील, सुटा भाग स्टोअरमध्ये आहे का, क्रेन कधी मोकळी आहे, आणि मुख्य म्हणजे वेळ किती लागेल. हे सगळं मामा ठरवायचे. त्यांची खोली मशीनहॉलच्या वर, लोखंडी जिन्याने चढून जायची. एका बाजूला काच, तिच्यातून खालचा सगळा हॉल दिसायचा. दुसऱ्या भिंतीवर लाकडी बोर्ड, त्यावर खिळ्यांच्या रांगा, प्रत्येक रांग म्हणजे एक दिवस. प्रत्येक कामाचं एक पुठ्ठ्याचं कार्ड. फिटरचं निळं, वायरमनचं पिवळं, माझ्या क्रेनचं लाल. काम पुढे-मागे झालं की मामा कार्ड या खिळ्यावरून त्या खिळ्यावर न्यायचे. सून घरात आली की सासू जशी डबे हलवते, तसं ते रोज सकाळी बोर्ड हलवायचे.

खुर्चीच्या पाठीला ते आपला कोट घालून ठेवायचे, म्हणजे खालून बघणाऱ्याला वाटावं की मामा बसलेत. स्वतः मात्र भलत्याच बाजूने हॉलमध्ये फिरत असायचे. फिटरही काही कमी नव्हते. त्यांनी पहिल्याच आठवड्यात शोध लावला, की कोटाची बाही हलली तर मामा आहेत आणि नाही हलली तर मामा मागे उभे आहेत.

आता या संशयाचं मूळ. मामा आधी स्वतः फिटर होते. एक दिवसाच्या कामाला दोन दिवस मागायचे, एका दिवसात उरकायचे आणि दुसऱ्या दिवशी बॉयलरच्या मागे उबेला झोपायचे, असा त्या काळचा सगळ्यांचाच रिवाज. पुढे नियोजनाच्या खुर्चीवर बसले, तेव्हा समोरच्याने दोन दिवस म्हटलं की यांना बॉयलरमागची ऊब आठवायची. चोराच्या मनात चांदणं म्हणतात ते हेच. मग त्यांनी ठरवून टाकलं, की कोणी काही मागो, अर्धं धरायचं.

झालं, तेव्हापासून एक बाजारच सुरू झाला. दर आठवड्याला त्या खोलीत बैठक व्हायची. मोठा फिटर, ज्याला आम्ही हत्ती म्हणायचो, तो जिना दणाणवत वर यायचा आणि दुप्पट मागायचा. मामा अर्धं लिहायचे. हत्ती कपाळ बडवून घ्यायचा, मामा मान हलवायचे, हत्ती म्हणायचा माझी माणसं मरतील, मामा म्हणायचे कालच चांगली धडधाकट दिसली. मग दोघंही समाधानाने खाली उतरायचे, कारण अर्धं म्हणजेच खरं, असं दोघंही धरून चालायचे. कपड्याच्या दुकानात जशी घासाघीस, तशी ही वेळेची घासाघीस. वर्षानुवर्षं मिल त्याच्यावर चालली.

घरीही तेच. मामांची मुलगी मैत्रिणीकडे तासभर जायचं असलं की दोन तास मागायची. मामी पाहुणे सहाला येणार असले की पाचला येणार म्हणून सांगायच्या. शिंपी तर बिचारा मामांना कपडे देण्याची तारीख सांगतच नसे, नुसता हसायचा. आणि एकदा काय झालं, मामींच्या बहिणीच्या मुलीचं लग्न होतं, परगावी. आगगाडीने जायचं. त्या दिवशी मामी लग्नाच्या गडबडीत होत्या, त्यांना वेळ अलीकडची सांगायचं सुचलं नाही. गाडीची जी वेळ होती तीच त्यांच्या तोंडून निघून गेली. मामांनी मनातल्या मनात गाडी तासभर उशिराची धरली, निवांत दाढी केली, बुटाला पॉलिश केलं, आणि आम्ही सगळे स्टेशनवर पोचलो तेव्हा गाडीचा शेवटचा डबा वळणावर दिसत होता. मामी ट्रंकेवर बसल्या आणि म्हणाल्या, "जन्मात एकदा खरं बोलले, तर ही गत." लग्न लागल्यावर आम्ही पोचलो. तो फोटो अजून आहे, सगळे हसताहेत आणि मामी मामांकडे बघताहेत.

आता खरी गोष्ट. वर्षातून एकदा अख्खी मिल थांबायची, त्याला शटडाऊन म्हणतात. त्या थोड्या दिवसांत वर्षभराची मोठी कामं उरकायची आणि ठरल्या दिवशी कागद पुन्हा निघायला हवा, कारण गिऱ्हाइकांना शब्द दिलेला असतो. त्याच्या आदल्या वर्षी शटडाऊन लांबला होता. एका पंपाचं काम अडलं होतं, आणि ते अडलंय हे हत्तीने शेवटच्या दिवसापर्यंत सांगितलंच नव्हतं. सांगून उपयोग काय, मामा म्हणणार वाढवतोय. मिल उशिरा सुरू झाली. मॅनेजरसाहेबांनी मामांना बोलावून सांगितलं, की पुढच्या वर्षी पुन्हा लांबला तर नियोजन मुख्य कचेरीतून होईल, हा बोर्ड भिंतीवरून उतरेल, आणि मामांनी स्टोअरमध्ये बसून हातमोजे मोजावेत.

मामांना ते फार लागलं. घरी येऊन जेवले नाहीत. त्यांचा तो बोर्ड म्हणजे दुसऱ्या कोणाला तुळई असावी तसा होता, तोच काढला तर घर कशावर उभं राहणार. मला म्हणाले, कोणीतरी मुद्दाम करतंय हे. कोण ते सांगता येईना, म्हणून त्यांनी सगळ्यांवरच संशय घ्यायचं ठरवलं, म्हणजे खरा माणूस त्यात येऊनच जाईल.

त्याच वर्षी हत्ती निवृत्त झाला आणि त्याच्या जागी दुसरीकडून एक नवा मोठा फिटर आला. वयाने पस्तिशीतला, उंच, सडसडीत, बोलायला अगदी बेतशीर. कामाचा डबा स्वतः उचलायचा, कोणाची चौकशी करायचा नाही, कोणाला आपली सांगायचा नाही. पहिल्या बैठकीत मामांनी त्याला एका मोटरचं काम विचारलं. तो म्हणाला दोन तास. मामा म्हणाले एक. तो म्हणाला दोन तास. मामांनी एक लिहिलं, काम दोन तासांनी झालं. दुसऱ्या आठवड्यात तसंच. तिसऱ्या आठवड्यातही तसंच. मिलमध्ये नावं ठेवायला वेळ लागत नाही. दुकानात पाटी असते ना, एकच भाव, तसं त्याचं नाव पडलं एकभाव.

मामांना वाटलं, हा हळू काम करून आपल्याला शिकवतोय. त्यांच्या मनात शंकेची पाल चुकचुकली ती चुकचुकतच राहिली. घासाघीस न करणारा माणूस त्यांनी आयुष्यात पाहिला नव्हता. आमच्या ओट्यावर येऊन मला सांगायचे, "भावोजी, जो रडत नाही, ओरडत नाही, तो आतून काहीतरी शिजवतोय." मी म्हटलं, कदाचित त्याला खरंच तेवढा वेळ लागत असेल. त्यांनी माझ्याकडे असं बघितलं, जणू मीही त्या कटात असावा.

मग त्यांनी पाळत सुरू केली. कोट खुर्चीवर आणि मामा खांबाआड. एकभाव जेवायला कुठे बसतो, कोणाशी बोलतो, बॉयलरच्या मागे जातो का. मी वर क्रेनच्या केबिनमध्ये, मला सगळा तमाशा फुकटात दिसायचा. एकभाव स्पॅनर फिरवतोय, त्याच्यामागे दोन खांब सोडून मामा, आणि मामांच्या मागे दोन वायरमन, मामा कोणावर पाळत ठेवतात ते बघायला. बॉयलरच्या मागे तो एकदाही गेला नाही. मामांनी त्याचाही अर्थ लावला, की याला कोणीतरी आधीच सावध केलंय.

शटडाऊन महिन्यावर आला. त्यातलं सगळ्यात अवघड काम ड्रायरचं होतं. ओला कागद वाफेने तापलेल्या मोठ्या लोखंडी ढोलांवरून फिरत सुकत जातो, त्याला ड्रायर म्हणतात. त्यातल्या एका ढोलाचं बेअरिंग, म्हणजे ज्यावर तो ढोल फिरतो ते कडं, झिजलं होतं, ते बदलायचं. बैठकीत मामांनी निळं कार्ड हातात घेतलं आणि विचारलं, किती वेळ. एकभाव म्हणाला, "एक दिवस." मामा सवयीने म्हणाले, "अर्धा." तो म्हणाला, "एक दिवस लागेल." आणि गप्प बसला. कपाळ बडवलं नाही, माणसं मरतील म्हणाला नाही. मामांचा हात कार्डावर तसाच राहिला.

त्या संध्याकाळी मामा घरी न जाता माझ्याकडे आले. पेच साधा होता आणि मोठा होता. अर्धा दिवस लिहावा आणि खरोखर एक लागला, तर मागची सगळी कामं घसरणार, शटडाऊन लांबणार, बोर्ड गेला. एक दिवस लिहावा आणि काम अर्ध्यात झालं, तर नवा माणूस आपल्या नाकावर टिच्चून झोप काढणार, आणि वर मॅनेजर म्हणणार, मामांना वेळ ठरवता येत नाही. बोर्ड तरीही गेला. मी म्हटलं, जुनी कार्डं बघा की, हे बेअरिंग मागे कधी बदललं असेल. मामांनी एक सुस्कारा टाकला. जुन्या कार्डांचे गठ्ठेच्या गठ्ठे होते त्यांच्या कपाटात, पण प्रत्येकावर एक मागितलेला आकडा आणि एक कापलेला आकडा. कापलेल्या वेळेत काम झालं अशी सही, आणि ती सहीसुद्धा रिवाजाची. खरोखर किती वेळ लागला हे एकावरही नाही. इतकी वर्षं इमानाने जपलेलं कपाट, आणि आत नुसती घासाघीस.

"मग विचारा कोणाला तरी," मी म्हटलं. मामा म्हणाले, तुम्हाला विचारणार नाही, तुम्ही क्रेन नुसती खाली घ्यायलाच अर्धा दिवस लागतो म्हणाल. माणूस माझ्याच ओट्यावर बसून हे म्हणतो, आणि वर माझाच चहा पितो.

शेवटी सुट्टीच्या दिवशी आम्ही दोघं हत्तीच्या घरी गेलो. निवृत्त माणूस, आता त्याला कसली भीती, तो तरी खरं सांगेल, असा मामांचा हिशेब. हत्ती अंगणात नातवाच्या सायकलची साखळी बसवत होता. बसा म्हणाला, पाणी आणलं. मामांनी इकडचं तिकडचं बोलून हळूच विचारलं, की ड्रायरच्या बेअरिंगला खरंखुरं किती लागतं. हत्तीचे डोळे बारीक झाले. साखळी खाली ठेवून म्हणाला, दोन दिवस. मामा म्हणाले, अरे बाबा, आता तू नोकरीत नाहीस, मी तुला कार्ड देणार नाही, नुसतं माहितीसाठी विचारतोय. हत्ती थोडा विचार करून म्हणाला, बरं, माहितीसाठी असेल तर अडीच.

परत येताना वसाहतीच्या फाटकाशी आल्यावर मामा म्हणाले, "भावोजी, एवढी वर्षं काढली, आणि मला खरं सांगेल असा एक माणूस नाही." मी म्हटलं, एक आहे, पण त्याच्यामागे तुम्ही खांबाआडून फिरताय. ते तसेच फाटकातून आत गेले. पण दुसऱ्या दिवशी मी क्रेनवर चढताना बघितलं, बोर्डावर निळं कार्ड लागलं होतं आणि त्यावर एक दिवस लिहिलेला होता. पूर्ण. न कापलेला.

तुम्हाला वाटेल आता सगळं सुरळीत झालं. छे. बोर्डावर पूर्ण एक दिवस बघून मिलमध्ये जो गोंधळ उडाला, तो मशीन बंद पडूनही कधी उडाला नव्हता. मामांनी कापलं नाही, म्हणजे नक्की काहीतरी आहे. वायरमन म्हणाले, मिल विकायची ठरली असणार, म्हणून आता घाई नाही. स्टोअरवाला म्हणाला, एकभाव हा मुख्य कचेरीचा हेर आहे आणि मामा त्याला घाबरतात. आणि तिसरी बातमी तर माझ्या घरातच शिजली. आमच्या घरातून संध्याकाळी गंभीर चेहऱ्याने विचारलं, की दादांनी मुलीसाठी तो नवा फिटर बघितलाय, हे खरं का. मी म्हटलं, कोणी सांगितलं. तर म्हणे शेजारी बोलताहेत, जावयाशिवाय कोणाला दादा एवढी सूट देतील का.

बातमी कुंपण ओलांडून मामींकडे गेली, मामींकडून मुलीकडे. ती शिकत होती अजून, तिला रसायनाच्या परीक्षेपलीकडे काही दिसत नव्हतं. ती तणतणत माझ्याकडे आली आणि म्हणाली, "आतोबा, बाबांना सांगा, मला विचारल्याशिवाय कार्ड लावू नका." मी मामांना निरोप दिला. मामा आठवडाभर एकभावकडे बघायलाच लाजायचे. एकभावला कोणी सांगितलं नव्हतं, त्यामुळे त्याला वाटलं, आपलं काहीतरी चुकलंय, आणि तोही मामांना टाळायला लागला. एक माणूस खांबाच्या या बाजूने, एक त्या बाजूने. वर केबिनमध्ये बसून मला हसू आवरेना.

शटडाऊन सुरू झाला. मशीन थांबलं की हॉलमध्ये एक विचित्र शांतता येते, नळ गळत असेल तरी ऐकू येतो. ड्रायरच्या दिवशी सकाळी एकभाव आणि त्याची माणसं ढोलावर चढली. बोर्डावर माझं लाल कार्ड असं होतं, की दिवसभर क्रेन ड्रायरजवळ, दुसऱ्या दिवशी सकाळी पलीकडच्या मोठ्या पंपाची मोटर उचलायची. दुपारच्या आधीच मी वरून बघितलं, एकभाव खाली उतरला, हात पुसले आणि लोखंडी जिना चढून मामांच्या खोलीत गेला. काम चालू असताना तिथे कोणी कधी जात नसे. तिथे जायचं ते आठवड्याच्या बैठकीला, नाहीतर रागावून.

आत काय झालं ते मामांनीच मला पुढे अनेकदा सांगितलं, आणि प्रत्येक वेळी सारखंच सांगितलं, म्हणून ते खरं असावं. एकभाव दारात उभा राहून म्हणाला, "जुनं बेअरिंग निघालं. खालच्या शाफ्टला चर पडलेत. हाताने घासून घ्यावे लागतील. आज होणार नाही, उद्या दुपार होईल."

मामांच्या अंगात सगळे जुने मामा एकदम जागे झाले. एक दिवस पूर्ण दिला, आणि आता वर अर्धा मागतोय. हाच तो डाव, इतके महिने शिजत होता. ते उठले, जिना उतरले, हॉल ओलांडून ड्रायरपाशी आले आणि शिडीला हात घातला. सगळ्या हॉलचं काम थांबलं. मामा शाफ्टचे, म्हणजे ढोलाच्या त्या मधल्या दांड्याचे, चर स्वतः बघणार आणि एकभावला सगळ्यांसमोर पकडणार, हे सगळ्यांना कळलं. एकभाव शिडीच्या खाली उभा होता. तोंडावर काही नाही. नुसता म्हणाला, "बघा की. वरच्या पायरीला तेल आहे, सांभाळून."

मामा अर्ध्या शिडीवर थांबले. मी केबिनमधून खाली वाकून बघत होतो, त्यांचा टक्कल पडलेला माथा माझ्या अगदी खाली. आणखी तीन-चार पायऱ्या चढले असते तर चर दिसले असते. त्यांनी वरच्या तेलकट पायरीकडे बघितलं, मग खाली एकभावकडे. मग म्हणाले, "उद्या दुपार म्हणजे दुपारच ना?"

"दुपारच."

मामा उतरले. शाफ्ट त्यांनी बघितलाच नाही. पुढे मी विचारलं, का हो नाही चढलात, तर म्हणाले, बघितलं असतं तर शाफ्ट कळला असता, माणूस कळला नसता. आणि त्या तेलाच्या पायरीचं त्याने सांगितलं, ते खोटं बोलणाऱ्याला सुचत नाही. खोटं बोलणारा म्हणतो, पडला तर बरं.

मग मामा जे पळाले, तसं मी त्यांना कधी पळताना बघितलं नव्हतं. जिना चढून बोर्डापाशी. शाफ्ट घासताना क्रेन लागत नाही, मग क्रेन दिवसभर नुसती ताटकळत का ठेवायची? त्यांनी माझं लाल कार्ड काढलं आणि मोटरचं काम उद्यावरून आजच्या दुपारवर आणलं. वायरमन उद्या मोटर जोडणार होते, त्यांची पिवळी कार्डं आज संध्याकाळवर. ज्यांना आज संध्याकाळी ड्रायर बंदिस्त करायचा होता, ते उद्यावर. काचेतून मला हात करून खूण केली, पंपाकडे चला. असलं दुखणं मागच्या वर्षी शेवटच्या दिवशी कळलं होतं, या वर्षी दुपारच्या आत कळलं, आणि म्हणून त्याला जागा करता आली. त्यात मोठी विद्या काही नव्हती. आदल्या वर्षीही बोर्ड हाच होता, खिळेही हेच, फक्त सांगणारा नव्हता आणि ऐकणाराही नव्हता.

दुसऱ्या दिवशी दुपारी ढोल फिरला. शटडाऊन ठरल्या दिवशी संपला. कागद निघाला, पहिल्या रिळाचा तुकडा फाडून मामांनी खिशात घातला, उगाच.

आता गंमत ऐका. दोन दिवसांनी मॅनेजरसाहेबांनी बोलावलं. मामांना वाटलं शाबासकी. साहेबांनी बसायला सांगितलं, बोर्ड राहील म्हणून सांगितलं, आणि मग खुर्चीत मागे टेकून, डोळे बारीक करून म्हणाले, "मामा, सगळं अगदी वेळेत झालं. म्हणजे वेळ जरा सैलच धरला होता, नाही का? पुढच्या वर्षी दोन दिवस कमी करून टाका."

ते बारीक डोळे मामांनी ओळखले. स्वतःचेच होते ते, आरशातले. घासाघीस त्यांना येत होती, हत्तीसारखं कपाळ बडवता आलं असतं. चार दिवस जास्त मागून दोन सोडताही आले असते. मामा म्हणाले, "तेवढेच लागतील." साहेबांनी पुन्हा एक दिवस तरी कमी करा म्हटलं. मामा म्हणाले, तेवढेच लागतील. आणि नमस्कार करून बाहेर आले. साहेब बराच वेळ आपल्या खोलीच्या काचेतून त्यांच्याकडे बघत होते, हा माणूस आतून काय शिजवतोय म्हणून. पुढच्या वर्षी शटडाऊन तेवढेच दिवस ठेवला, पण साहेब खांबाआड दिसायला लागले.

एकभावशी मामांची दोस्ती वगैरे झाली नाही. दोघंही तसल्या जातीचे नव्हते. बैठकीत तो आकडा सांगायचा, मामा लिहायचे, आणि बैठक इतकी लवकर संपायला लागली की चहा गरमच राहायचा. बाकीचे फिटर मात्र दुप्पटच मागत राहिले, मामाही त्यांचं अर्धं धरत राहिले. एका माणसापुरता भाव बदलला, अख्खा बाजार थोडाच बदलतो. मुलीने पुढे रसायनातच नोकरी धरली, आणि लग्न केलं ते एका शाळामास्तराशी. तो सासरी यायला कायम उशीर करतो आणि मामा त्याच्या वेळेचं दुप्पट धरतात.

त्या शटडाऊननंतरच्या उन्हाळ्यात मामींच्या धाकट्या बहिणीकडे लग्न निघालं. पुन्हा परगावी, पुन्हा आगगाडी. मामींनी गाडीची वेळ सांगितली. मामांनी विचारलं, नक्की ना. मामी म्हणाल्या, नक्की. मामांनी तीच वेळ खरी धरली. वेळेच्या आधी दाढी, बूट, आम्हाला हाका मारून घराबाहेर काढलं आणि आम्ही सगळे बरोबर वेळेवर फलाटावर. फलाट रिकामा. पाटीवरची वेळ बघितली, तर गाडीला अजून चांगला दीड तास. मामींनी मागच्या लग्नाची आठवण ठेवून नेहमीच्या सवयीने वेळ अलीकडची सांगितली होती.

मामा बाकावर बसले. मला वाटलं, आता फटाका फुटणार. पण ते बाकावर मामींना जागा करून देत नुसते म्हणाले, "आज मी तुझं ऐकलं होतं हो."

मामींनी त्यांच्याकडे एकदा नीट निरखून बघितलं, आणि मग हळूच माझ्या बायकोच्या कानाशी लागून विचारलं, की वन्सं, यांच्या मनात नक्की काय चाललंय, तुम्हाला काही माहीत आहे का?